लागंल तसं, थोडं थोडं

निपाणी
१२ ऑगस्ट २०२५

उपासनास,

जय भीम.

मी बरी हाय. कान सोडून सगळं चालतंय.

काल शेजारचा गुंडू टेम्पो घेऊन बेळगावला गेलता, येताना तुझ्या दवाखान्यावरनं आला. मला बोललेलं कळत न्हाय म्हणून त्यानं पोरीच्या पाटीवर खडूनं लिहून दिलं, "वैनी नोकरी सोडणार." का म्हणून विचारलं तर खांदे उडवले. खांदे उडवायला पाटी लागत न्हाय.

का सोडतीस? पगार देत न्हाईत का? कोण वंगाळ बोललं का? तसं असंल तर नाव लिहून पाठव, मी येऊन बघते. बायकांना बस फुकट हाय, माझं काय जात न्हाय. आणि तसं काय नसंल तर ऐक. मी हयातभर तंबाखूच्या खकाण्यात बसून बिड्या वळल्या. तुझ्या सासूला सुइणीकडं नेलं त्या दिवशी बी बिड्यांचं सूप मांडीवर होतं. कामाचा कंटाळा आला म्हणून घरी बसायची चैन आपल्या घरात कुणाला परवडली न्हाय. भीमाला जाऊन सात महिने झाले. रडायचं तेवढं रड, पण कामावर जाऊन रड. घरी बसून रडलं की चूल विझते, दुसरं काय होत न्हाय.

फोन करू नको. गुंडूची पोरगी फोन कानाला लावते तवा मला नुसत्या मधमाश्या ऐकू येतात. लिही. बीडीवाल्या बायकांच्या वर्गात मी अक्षरं शिकले ती काय कारखान्याच्या नोटिसा वाचायलाच न्हाईत.

यल्लव्वा


बेळगाव
२१ ऑगस्ट २०२५

अव्वा,

सविनय जय भीम.

भीमा तुम्हाला अव्वा म्हणायचा म्हणून मीही तेच म्हणत आले. आजेसासूला दुसरं काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही.

मला कुणी काही बोललेलं नाही. पगार वेळेवर होतो. गुंडूभाऊंना मी सहज म्हटलं होतं, त्यांनी ते तुमच्यापर्यंत आणायची गरज नव्हती.

झालंय असं, की आमच्या दवाखान्यात खालच्या थंड खोलीत सर्व्हर आहे. म्हणजे सगळ्यांच्या संगणकांचं मुख्य मशीन. पेशंटची नावं, तपासण्या, औषधं, रक्तपेढीतल्या पिशव्या, सगळं त्याच्या पोटात. भीमा आणि मी त्याच खोलीत बसायचो, हे तुम्हाला माहीत आहे. वीज गेली आणि मागची बॅटरीही दमली की ते मशीन बसतं. वीज आल्यावर लगेच उठायला हवं, तर तास-सव्वा तास घेतं. तोवर प्रत्येक काउंटरवर माणसं ओरडत असतात. मोठे साहेब म्हणाले, हे दुरुस्त कर, नाहीतर मी बाहेरून माणूस बोलावतो.

मला ते जमेल असं वाटत नाही. म्हणून सोडते आहे. उचगावला आईकडे जाऊन राहीन थोडे दिवस. शेतात भाजी आहे, आईला हाताखाली कुणी हवंच आहे.

तुम्ही वेळेवर जेवत जा. औषधं संपली असतील तर गुंडूभाऊंकडे चिठ्ठी द्या.

उपासना


निपाणी
२७ ऑगस्ट २०२५

उपासनास,

जय भीम.

खोटं बोलायला लई सफाई लागते. तुला ती न्हाय.

जमत न्हाय म्हणतीस? भीमा इथं चुलीपुढं बसून सांगायचा, "अव्वा, मशीन मी मांडलंय, पण ते ऐकतं उपासनाचं." बायकोची एवढी तारीफ करणारा आमच्या गल्लीत तो पहिला. मी म्हटलं बी, जरा दमानं, बाकीच्या बायका नवऱ्यांना धरून मारतील. तर जमत न्हाय हे सोड. जमतंय आणि करत न्हाईस, असं काय तरी हाय.

आणि उचगावला आईच्या हाताखाली जाणार म्हणं. तुझी आई मला चांगली ठावं हाय. ती तुला कामाला हात लावू देणार न्हाय, डोक्याला तेल लावून खाटंवर बसवंल, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तुझ्याकडं बघून चुकचुकून जाईल. महिन्याभरात तू खाटंसंगं खाट होशील.

मशीन उठायला उशीर का करतंय ते मला लिही. समजंल असं लिही. मी अडाणी असले तरी ठोंबी न्हाय.

औषधं हाईत.

यल्लव्वा


बेळगाव
९ सप्टेंबर २०२५

अव्वा,

सविनय जय भीम.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मशीन कुठलंही काम करायच्या आधी ते एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. तिला आम्ही लॉग म्हणतो. समजा, एका पेशंटला रक्ताची पिशवी दिली. ते आधी लॉगमध्ये लिहिलं जातं, मग खऱ्या जागी जातं. मध्येच वीज गेली तर काय पुरं झालं आणि काय राहिलं याचा घोटाळा होऊ नये म्हणून. मशीन पुन्हा उठतं तेव्हा पहिल्यांदा लॉग वाचतं. जे पुरं झालं होतं ते पक्कं करतं, जे अर्धवट राहिलं ते पुसून टाकतं, आणि मगच सगळ्यांना दार उघडतं.

आता ही फाईल भरत आली की आणखी जागा मागते. एका वेळी किती जागा घ्यायची ते आपण सांगून ठेवायचं असतं. मोठा तुकडा घेतला तर फाईल थोड्याच तुकड्यांची राहते. आमच्या मशीनला सांगून ठेवलंय, लागेल तसं घे, आणि दर खेपेला अगदी थोडं घे. पाच वर्षं ती फाईल चिमटी-चिमटीनं वाढत गेली. तिचे लाखभर बारीक तुकडे झालेत. उठताना मशीन त्यातला एकेक तुकडा उघडून बघतं. उशीर होतो तो तिथं.

हे सेटिंग भीमानं केलंय. तेव्हा डिस्क लहान होती. पुढं मोठी डिस्क आली, पण सेटिंग तसंच राहिलं. जागा वाया गेलेली त्याला बघवायची नाही, तुम्हाला माहीतच आहे.

दुरुस्ती अवघड नाही. लॉगचा बॅकअप घ्यायचा, फाईल आवळून लहान करायची, आणि मग तिला एकदम मोठी जागा देऊन टाकायची. पुढंही वाढलीच तर मोठ्या घासानं वाढ म्हणून सांगायचं. एका दुपारचं काम आहे. मला हे मे महिन्यापासून माहीत आहे.

पण माझा हात जात नाही. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

उपासना


निपाणी
१५ सप्टेंबर २०२५

उपासनास,

जय भीम.

समजलं. आमच्यात पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधायचा. एकेका बीडीला वेगळा दोरा गुंडाळून नेली असती तर तपासणारा मुकादम तिथंच बसून म्हातारा झाला असता. तुमच्या मशीनची तीच गत हाय.

आणि दुसरं पण समजलं. "लागंल तसं घे, थोडं थोडं घे" हे मशीनला भीमानं सांगितलं, आणि भीमाला मी. आई-बाप गेल्यावर तो माझ्याच ताटात वाढला. ताटात शीत राहिलं की माझा हात उठायचा. मग त्यानं युक्ती काढली. भात चिमूटभर घ्यायचा. संपला की उठून पातेल्यापाशी. परत चिमूटभर. एका जेवणात दहा खेपा. मी म्हणायची, "जेवतोस का पाणी भरतोस रं?" तर हसायचा आणि परत उठायचा. लग्न झाल्यावर तुझ्याकडं पण तसंच करत असंल, तू सांगितलं न्हाईस.

म्हणजे तुमचा एवढा मोठा दवाखाना माझ्या भातापायी अडलाय. काय म्हणावं.

आता माझं ऐक. तू बसलीस ते कशापायी ते मला कळतंय. त्याच्या हातचं हाय, मोडायचं कसं, असंच ना? त्याचा शर्ट ठेवला असशील, ठेव. शर्टापायी कुणाचं अडत न्हाय. तिथं आजारी माणसं खोळंबतात. त्याचं चुकलं तर चुकलं, ते नीट कर. मेलेल्या माणसाची चूक दुसऱ्यानं सुधारली तर त्याला राग येत न्हाय. जित्याला येतो.

हे वाचून तोंड फुगवून बसू नको. उलट टपालानं लिही, झालं म्हणून.

यल्लव्वा


बेळगाव
४ ऑक्टोबर २०२५

अव्वा,

सविनय जय भीम.

उलट टपालानं लिहिता आलं नाही. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

तुम्ही समजलात तसं नाही. आठवण म्हणून नाही. त्याचा शर्टही मी ठेवलेला नाही, धाकट्या भावाला दिला.

गेल्या सोमवारी पुन्हा वीज गेली. जांबोटीकडची एक बाई बाळंत होत होती, रक्त जात होतं. रक्तपेढीच्या सौम्यानं मशीन उठायची वाट पाहिली नाही, वहीत लिहून पिशवी दिली. बाई वाचली. आता नियमच आहे तसा, मशीन बंद असेल तर वहीत लिहा आणि द्या. हा नियम जानेवारीनंतर झाला. भीमानंतर.

आता त्या सकाळचं लिहिते. तुम्ही दोघं निपाणीहून निघालात, तुम्हाला कानाचं मशीन घ्यायला, तेवढं मला माहीत होतं. मी एकटीच कामावर होते. भीमाच्या फोनवरून फोन आला. बोलणारा माणूस कन्नड बोलत होता. अपघात झालाय, सीरियस आहे, तुमच्याच दवाखान्यात आणतोय, रक्त लागेल, तयार ठेवा. त्याच वेळी आमच्याकडे वीज जाऊन आली होती आणि सर्व्हर उठत होता. मी पळत खाली गेले आणि त्याच्या पुढं बसले. वर जाऊन मी काय करणार होते? मी डॉक्टर नाही. मला वाटलं, माझं काम हे आहे. हे मशीन मी लवकर उठवलं तर रक्तपेढीचं दार उघडेल. त्याचा रक्तगट सहज मिळत नाही.

अॅम्ब्युलन्स आलेली मला ऐकू आली. मी उठले नाही. एक जिना चढून गेले असते तर तो तिथं होता, आणि मी खाली बसून पडद्यावरचा आकडा चढताना बघत होते. आकडा इतका हळू का चढतो तेच मला कळत नव्हतं. तो शंभरावर पोचला आणि मागं वळून बघितलं तर सौम्या दारात उभी होती. ती आत आली नाही.

मग मे महिन्यात मला कळलं, आकडा हळू का चढत होता ते.

आता समजा, मी सेटिंग बदललं आणि सर्व्हर दोन मिनिटांत उठला. म्हणजे त्या दिवशीही उठला असता. त्याच्याच हातानं त्याला उशीर झाला, आणि तो उशीर मी वर्षभर आधीच बघायला हवा होता, माझं ते कामच होतं. आज हे नुसतं माझ्या मनात आहे. दुरुस्ती केली की सिद्ध होईल. म्हणून हात जात नाही. साहेबांनी बाहेरचा माणूस आणावा, मी तोवर निघून गेलेली असेन.

हे मी निपाणीला येऊन विचारू शकले असते. पण तुम्हाला ओरडून सांगावं लागतं, आणि हे असं आहे की गल्लीसमोर ओरडून विचारता येत नाही. आता कागदावर विचारते. गाडीत तुम्ही त्याच्याजवळ होतात, अॅम्ब्युलन्समध्येही होतात. रक्त वेळेवर मिळालं असतं तर तो वाचला असता का?

उपासना


निपाणी
९ ऑक्टोबर २०२५

उपासना,

खाली बसून वाच. जवळ कुणाला तरी बसव.

भीमा तुझ्या दवाखान्यात आला तवा जिता नव्हता. तो वंटमुरीच्या घाटातच गेला.

घाटाच्या वळणाला उसाचा ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन डबे जोडलेले. ऊन समोरनं डोळ्यावर येत होतं. त्याला दिसला न्हाय. मी मागच्या बाजूला होते, मला खरचटलं सुद्धा न्हाय, ते तू बघितलंसच. ढाब्यावरची माणसं पळत आली, त्याला बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला ऐकू आलं न्हाय. त्याच कानाच्या मशीनपायी चाललोतो. मग ओठ बी थांबले. बीडीचं पान डोळे झाकून हातात दिलं तरी ते ओलं का वाळलं मला कळतं. तसा त्याचा हात मला कळला. त्याचे डोळे मी मिटले.

अॅम्ब्युलन्स त्याच्या बऱ्याच मागनं आली.

तुला फोन मी करायला लावला. ढाब्यावरच्या माणसाच्या हातात भीमाचा फोन दिला आणि म्हटलं, "सीरियस ऐती अंत हेळप्पा." सीरियस हाय म्हणून सांग बाबा. आपल्यात मेल्याचं फोनवर कोण सांगतं का? तुझा सासरा गेला तवा मला कारखान्यातनं सीरियस म्हणूनच नेलतं. दारात चपला बघितल्या तवा कळलं. माणूस वाटंत कोसळू नये, नीट येऊन पोचावं, म्हणून तसं म्हणायचं असतं. सीरियस म्हटलं की ऐकणाऱ्यानं आतल्या आत समजून घ्यायचं. मला वाटलं, तुला समजलं. उचगावात काय वेगळं सांगतात?

रक्त लागंल, हे त्या माणसानं आपल्या पदरचं घातलं. मी सांगितलं न्हाय. खोटं खरं वाटावं म्हणून माणूस वरनं मीठ घालतो.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि छाती दाबत बसले. तुमच्यातलाच माणूस, म्हणून डॉक्टर लोकांच्यानं सोडवंना. मी बाहेर बाकड्यावर होते. दारातनं दिसत होतं. आत जाऊन म्हणायला पाहिजे होतं, सोडा त्याला. म्हटलं न्हाय. कागदावर जी वेळ हाय ती डॉक्टरची. त्याची वेळ माझ्या मांडीवर झाली.

मेल्या माणसाला रक्त चढत न्हाय. तुझं मशीन फुंकर मारल्यावर उठलं असतं नाहीतर त्या दिवशी उठलंच नसतं, त्याला दोन्ही सारखं. तू जिन्याच्या खाली बसलीस का वर आलीस, त्याला सारखं. भीमाच्या चिमटी-चिमटीनं माणसं खोळंबली असतील, पण तो स्वतः त्यापायी गेला न्हाय.

एवढे महिने तू हे उरावर घेऊन बसलीस आणि मी तुला तेल-मीठ विचारत बसले. मला वाटलं, सगळ्यांना ठावं हाय. सगळ्यांना ठावं असतं ते कुणी कुणाला सांगत न्हाय.

जा, आणि ते मशीन नीट कर.

यल्लव्वा


बेळगाव
८ नोव्हेंबर २०२५

अव्वा,

सविनय जय भीम.

महिनाभर लिहिलं नाही. राग आला होता. कुणाचा, ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण पत्र तुमचं होतं म्हणून तुमचाच म्हणू.

मी सौम्याला विचारलं. ती म्हणाली, "वैनी, तुम्हाला माहीत नव्हतं?" तिलाही माहीत होतं. लिफ्टवाल्या भरमूलाही माहीत होतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, सीरियस म्हणजे काय ते लहान मूलसुद्धा जाणतं. मी फोन ऐकला आणि त्यातला शब्दन् शब्द खरा मानला. मशीनसमोर बसून बसून अशी सवय झाली असेल. तिथं जे लिहिलेलं असतं तेच झालेलं असतं.

राग कशाचा ते सांगते. दहा महिने माझ्या मनात एक अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात भीमा जिवंत होता, माझ्याच छपराखाली, एका जिन्याच्या अंतरावर. तो माझ्या चुकीनं गेला असेल, पण माझ्याजवळ गेला होता. रोज सकाळी उठले की मी आधी तो अर्धा तास पहिल्यापासून शेवटपर्यंत जगून घ्यायची आणि मगच दात घासायला जायची. तुम्ही चूक काढून घेतलीत, ते बरं केलंत. पण तिच्याबरोबर तो अर्धा तासही गेला. आता मी मशीनसमोर बसले होते तेव्हा वर कुणीच नव्हतं.

गेल्या रविवारी दवाखान्यात गर्दी कमी होती, तेव्हा दुरुस्ती केली. बॅकअप घेतला, फाईल आवळली, तिला एकदम भरपूर जागा दिली. भीमानं लिहिलेला आकडा पुसला आणि नवा लिहिला. मग मशीन बंद केलं आणि चालू केलं. खुर्ची ओढून नेहमीसारखी बसले. पदर नीट करेपर्यंत ते उठलं सुद्धा. पडद्यावर ओळी आल्या आणि गेल्या, वाचायलाही मिळाल्या नाहीत. वरून काउंटरवाल्यांचा आवाज आला, "आलं, आलं."

मी तशीच बसून राहिले. मला आणखी बसायचं होतं, अव्वा. बसायला काही उरलं नव्हतं. मग मी रडले. कामावरच रडले, तुम्ही सांगितलं होतंत तसं. या खेपेला मशीनसाठी नाही, भीमासाठी.

नोकरी सोडत नाही.

एकच विचारायचं आहे. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी ओठ बघून अर्धं कळतं. मी दारातून नुसतं "चहा" म्हटलं तरी तुम्ही मान हलवता. त्याचे ओठ हलले म्हणता, ते कसे हलले? "उपासना" म्हणताना ओठ एकदा मिटतात, मी आरशात बघितलं. "पाणी" म्हणतानाही मिटतात. तुमचं "अव्वा" म्हणताना पुरते मिटत नाहीत. मिटले होते का?

पाणी मागितलं असेल तरी सांगा. माझं नावच असलं पाहिजे असं नाही.

कानाच्या मशीनसाठी मी डॉक्टरांशी बोलले आहे. केव्हाही या, मी न्यायला येते.

उपासना


निपाणी
१३ नोव्हेंबर २०२५

उपासनास,

जय भीम.

मशीन नीट केलंस, बरं झालं. राग आला ते बी बरं झालं, अंगात धुगधुगी हाय म्हणायची.

ओठ मिटले का विचारतीस. मला ठावं न्हाय.

ओठ बघून मला कळतं, हे खरं. पोराचे ओठ तर मी त्याला दात यायच्या आधीपासनं बघत आलेली. बघितलं असतं तर कळलं असतं. हलले एवढं दिसलं. पुढं बघितलं न्हाय, कारण मी बोलत होते. त्याला शिव्या देत होते. "ऊन डोळ्यावर येतंय तर गाडी बाजूला घ्यायला काय झालतं रं तुला, मुडद्या," असं म्हणत होते. तोंडात बसलेली शिवी. एकदा म्हणून थांबले न्हाय, म्हणतच राहिले. ढाब्यावरचा माणूस माझा हात धरून काय तरी सांगत होता, त्याच्याकडं बी बघितलं न्हाय. गप झाले तवा त्याचे ओठ थांबलेले होते.

हयातभर तोंड चालवलं. त्यापायी कधी कुणाचं अडलं न्हाय, उलट दोन माणसं सरळच झाली असतील. त्या एका वेळी गप बसायचं होतं.

कानाचं मशीन मला नको. डॉक्टरला तसं सांग. जे ऐकायचं होतं ते ऐकायचं राहिलं, आता गुंडूची बायको काय म्हणते ते ऐकून मला काय करायचंय?

तू ये. मला न्यायला न्हाय, नुसती ये. गुंडूचा टेम्पो रविवारी बेळगावात असतो, न्हायतर बसनं ये, तुला बी फुकट हाय. आल्यावर दार लावून घेऊ, गल्ली बाहेर राहील. भात एकदम ताटभर वाढीन, उठायला लावणार न्हाय. राहिला ताटात तर राहू दे.

जेवण झालं की उजेडाकडं तोंड करून माझ्यासमोर बस. आवाज काढू नको, नुसते ओठ हलव. तुझं नाव म्हण, पाणी म्हण, अव्वा म्हण, अजून काय सुचंल ते सावकाश म्हण. त्यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर सांगीन. न्हाय वाटलं तर न्हाय, खोटं सांगणार न्हाय.

या खेपेला मी गप बसून बघीन.

यल्लव्वा